आजारी माणसाचा वस्ताद

(गावकऱ्यांपुढे केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. मी शाळेतला शिक्षक होतो. आता नोकरी संपली आणि मी घरी असतो. आज मी तुम्हाला माझ्या वडिलांची गोष्ट सांगणार आहे. आम्ही त्यांना आबा म्हणत होतो. गोष्ट आमच्या घरची आहे. पण उद्या ती तुमच्याही घरची होऊ शकते. म्हणून सांगतो.

आबा शेतकरी. आयुष्यभर रानात राबलेले. ५८ व्या वर्षी एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. अंगाला घाम सुटला. आम्ही गाडी करून त्यांना दवाखान्यात नेले. वेळेवर नेले, म्हणून ते वाचले. आठ दिवसांनी घरी सोडले. निघताना डॉक्टर म्हणाले, "यांना जपा. आणि हळूहळू चालायला लावा."

आम्ही पहिले वाक्य ऐकले. दुसरे ऐकलेच नाही.

आईने ओटीवर बाज टाकली. आबांना तिच्यावर निजवले. पाणी हातात, जेवण हातात. भेटायला येईल तो सांगे, "आबा, आता काही करू नका. काळजाला धक्का बसलाय. नुसतं पडून राहा." आम्हालाही तेच खरे वाटे.

असे दोन महिने गेले. आबांच्या मांड्या बारीक झाल्या. उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई. परसात जायचे तर माझा खांदा लागे. दहा पावलांत धाप लागे. धाप लागली की आई घाबरे आणि त्यांना पुन्हा बाजेवर निजवी.

एक दिवस आबा मला म्हणाले, "मास्तर, हार्टानं मला सोडलं. पण ही बाज काही मला सोडत नाही बघ."

मी खाली मान घातली. आम्ही मायेने त्यांना पांगळे करत होतो.

बांधलेला बैल

मंडळी, एक विचारतो. चांगला धडधाकट बैल आहे. तो तुम्ही दोन महिने गोठ्यात बांधून ठेवला. वैरण भरपूर दिली. पण हलू दिले नाही. मग मिरगाचा पाऊस पडला आणि त्याला एकदम पाभरीला जुंपला. काय होईल? बैल दोन तासांत बसेल. चूक बैलाची का? नाही. बांधणाऱ्याची.

माणसाचे तसेच आहे. अमेरिकेत डॅलस नावाचे शहर आहे. तिथे १९६६ साली शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. २० वर्षांची पाच निरोगी पोरे घेतली. त्यांना तीन आठवडे नुसते अंथरुणावर ठेवले. आधी त्यांच्या अंगाची ताकद मोजली होती. नंतर पुन्हा मोजली. ती जवळजवळ पाव हिश्शाहून जास्त घटली होती. मग त्यांना दोन महिने व्यायाम दिला. गेलेली ताकद परत आली.

पुढे ऐका. तीस वर्षांनी, ती पोरे पन्नाशीला आल्यावर, त्यांना पुन्हा मोजले. तेव्हा काय दिसले? तीस वर्षांच्या वयाने त्यांची ताकद जेवढी नेली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेली होती!

तरण्याताठ्या पोरांची ही गत. मग आजारी म्हाताऱ्याची काय होत असेल?

दुसरी गोष्ट लंडन शहरातली. तिथे दोन मजली बसगाड्या असत. ड्रायव्हर दिवसभर बसून गाडी चालवी. कंडक्टर तिकिटे द्यायला जिना चढे आणि उतरे. दिवसात शेकडो पायऱ्या. गाडी एक, कंपनी एक. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी अशा हजारो माणसांच्या नोंदी तपासल्या. १९५३ साली त्यांनी निष्कर्ष छापला. बसून काम करणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयाचे दुखणे जास्त होते. चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी होते. आणि झाले तरी ते सौम्य होते. हे मॉरिस डॉक्टर स्वतः नेमाने व्यायाम करीत. ते ९९ वर्षे जगले.

म्हणजे हालचाल हे औषध आहे. पण औषध म्हटले की मात्रा आली. कमी घेतले तर गुण नाही. जास्त घेतले तर अपाय. मग ही मात्रा ठरवायची कोणी?

तालमीतला वस्ताद आणि हा वस्ताद

आपल्या गावोगावी तालमी होत्या. काही ठिकाणी अजून आहेत. तालमीत नवे पोर आले की वस्ताद काय करतो? आधी त्याचा अंगपिंड बघतो. एकाला म्हणतो, "तू वीस जोर काढ." दुसऱ्याला म्हणतो, "तू आज दहाच काढ." सगळ्यांना एकच माप लावत नाही. पोराचा दम बघून रोज थोडे थोडे वाढवतो.

आजारी माणसालाही असा वस्ताद लागतो. त्याला इंग्रजीत एक्झरसाइज फिजिऑलॉजिस्ट म्हणतात. लांबलचक नाव आहे. आपण त्याला व्यायाम-तज्ज्ञ म्हणू. श्रम केल्यावर हृदयात, फुप्फुसांत, स्नायूंत काय घडते, याचे शास्त्र तो शिकलेला असतो. ऑस्ट्रेलिया देशात या कामासाठी कॉलेजात वेगळे शिक्षण आहे. मधुमेह किंवा हृदयाचे जुने दुखणे असले की तिथले डॉक्टर रोग्याला या तज्ज्ञाकडे पाठवतात. खर्चाचा काही भाग सरकारी आरोग्य योजना देते.

आपल्याकडे असे तज्ज्ञ थोडे आहेत. बहुतेक ठिकाणी हे काम फिजिओथेरपिस्ट करतात. त्यांचे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या दशकातच त्याची शाळा निघाली. मोठ्या सरकारी रुग्णालयात चौकशी केली की त्यांचा पत्ता लागतो.

मीही चौकशी केली. आबांना तिकडे घेऊन गेलो.

सहा मिनिटे

तिथे एक तरुण ताई होत्या. आबा माझ्या कानात म्हणाले, "ही पोरगी मला चालायला शिकवणार?"

ताईंनी ऐकले. हसल्या. म्हणाल्या, "आबा, चालायला तुम्हाला येतंच. किती चालायचं, तेवढं आपण दोघं मिळून ठरवू."

आधी त्यांनी दवाखान्याचे सगळे कागद वाचले. गोळ्या कोणत्या चालू आहेत ते पाहिले. बसून नाडी मोजली. रक्तदाब मोजला. बोटाला एक चिमटा लावला. रक्तात प्राणवायू किती आहे ते तो दाखवतो. मग एका लांब व्हरांड्यात नेले. तिथे तीस मीटरवर दोन खुणा केल्या होत्या. ताई म्हणाल्या, "सहा मिनिटं या खुणेपासून त्या खुणेपर्यंत जा आणि या. पळायचं नाही. दम लागला तर थांबा. छातीत काही झालं तर लगेच सांगा."

आबा चालले. दोनदा थांबले. सहा मिनिटांत २१० मीटर झाले. ताईंनी पुन्हा नाडी आणि रक्तदाब मोजला. सगळे लिहून घेतले.

"आबा," त्या म्हणाल्या, "हे तुमचं आजचं माप. इथून सुरुवात."

मग त्यांनी मात्रा लिहून दिली. रोज तीन वेळा चालायचे. एका वेळी पाच मिनिटे. सपाट जागी. जेवल्यावर लगेच नाही. भर उन्हात नाही. सुरुवातीला हळू, शेवटीही हळू. दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवायची. त्याशिवाय खुर्चीवरून उठायचे आणि बसायचे, पाच वेळा. त्याने मांड्यांत ताकद येते. महिन्याने पुन्हा दाखवायला यायचे.

मी विचारले, "ताई, चाल किती असावी? घरी काही यंत्र नाही."

त्या म्हणाल्या, "यंत्र कशाला? चालताना बोलता आलं पाहिजे. पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग सहज म्हणता आला, तर चाल थोडी वाढवा. बोलताही येईना, तर कमी करा."

आबा माळकरी. ही खूण त्यांना लगेच पटली.

आणखी एक माप त्यांनी दिले. स्वीडन देशातल्या गुन्नर बोर्ग या शास्त्रज्ञाने ते काढले. श्रम किती वाटतात, त्याला आकडा द्यायचा. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत. २० म्हणजे याहून जास्त होणारच नाही. आबांनी ११ ते १३ च्या मध्ये राहायचे. नुसती नाडी का मोजायची नाही? कारण हृदयाच्या काही गोळ्या नाडी मंद ठेवतात. माणूस दमलेला असतो आणि नाडी मात्र संथ लागते. अशा वेळी नाडी फसवते. हे जाणकारालाच ठाऊक असते.

आबांची वही

ताईंनी एक वही घालायला सांगितले. तारीख, मिनिटे आणि श्रमाचा आकडा. रोज.

आबांना लिहिता येत नव्हते. मी म्हणालो, "मी लिहीन."

ताई म्हणाल्या, "नको. ज्याचा श्रम, त्यानंच लिहावा."

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. तिने आजोबांना आकडे शिकवले. आधी १ ते ९, मग शून्य. आबांचा ५ नेहमी उलटा पडे. पण पंधरा दिवसांत वही चालू झाली. मंडळी, तुम्ही आता लिहायला शिकला आहात. अक्षराचा हाही एक उपयोग आहे बरं का! आपल्या अंगाचा हिशेब आपल्याच हाताने ठेवता येतो.

आठवडे गेले. पाचाची सात मिनिटे झाली. सातांची नऊ झाली. आबा एकटे परसात जाऊ लागले. मग मारुतीच्या देवळापर्यंत गेले.

काळीज तर तेच होते. मग फरक कशाने पडला? ताईंनी मला समजावले. पायाचे स्नायू कमजोर असले की त्यांना रक्त जास्त लागते. काळजाला ते पुरवावे लागते. स्नायू तयार झाले की आलेल्या रक्तातून ते प्राणवायू नीट घेतात. तेच काम थोड्या रक्तात होते. काळजावरचा भार हलका होतो.

कांद्याचे पोते

पण सगळे सरळ झाले नाही. तेही सांगतो.

सहाव्या आठवड्यात आबांना हुशारी वाटू लागली. शेजारी टेंपोत कांदा भरत होते. आबा गेले आणि एक पोते उचलायला लागले. दम कोंडला, दात दाबले, जोर लावला. पोते उचलले गेले, आणि छाती दाटून आली. आबा जागीच बसले. आम्ही तसेच त्यांना दवाखान्यात नेले. नवा झटका नव्हता. पण आमचे पाय लटपटले होते.

पुढच्या खेपेला ताईंनी वही उघडली. म्हणाल्या, "आबा, यात पोतं कुठं लिहिलंय?"

आबा गप्प.

मग त्यांनी सांगितले. दम कोंडून जड ओझे उचलले की रक्तदाब एकदम चढतो. ज्याचे काळीज दुखावले आहे, त्याला ते सोसत नाही. ओझे उचलायलाही हळूहळू शिकता येते. आधी हलके घ्यायचे. उचलताना श्वास सोडायचा. पण ते वस्तादाला विचारून. त्यांनी आबांची मात्रा दोन आठवडे मागे नेली. आबांनी ते निमूटपणे ऐकले.

तीन महिन्यांनी त्याच व्हरांड्यात पुन्हा सहा मिनिटे चालवले. ३६० मीटर झाले. एकदाही थांबले नाहीत.

ज्याचा आजार, त्याची मात्रा

मंडळी, हे फक्त हृदयाचे नाही.

मधुमेह घ्या. आपले स्नायू हालले की ते रक्तातली साखर ओढून घेतात आणि जाळतात. म्हणून जेवणानंतर थोड्या वेळाने शांतपणे चालले तर साखर उतरते. चेन्नईचे डॉक्टर रामचंद्रन यांनी आपल्याच देशात याचा अभ्यास केला. तो २००६ साली छापला. ज्यांची साखर वाढू लागली होती, पण मधुमेह अजून झाला नव्हता, अशी माणसे घेतली. तीन वर्षांत काय झाले? ज्यांना विशेष काही दिले नाही, त्यांच्यातल्या १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना चालण्याची आणि खाण्याची शिस्त लावली, त्यांच्यातल्या १०० पैकी ३९ जणांना झाला. सगळे वाचले नाहीत. पण शंभरातली सोळा घरे वाचली. हे काय थोडे झाले?

पण इथेही मात्रा आहे. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी फार चालू नये. साखर एकदम उतरते. हातपाय थरथरतात, घाम सुटतो, डोक्यात गोंधळ होतो. अशा माणसाने खिशात साखरेची पुडी ठेवावी. आणि अनवाणी चालू नये. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते. काटा मोडला तरी कळत नाही. चालून आल्यावर रोज तळवे पाहावे.

दम्याचे आणि छातीचे जुने दुखणे घ्या. कोणी बिड्या ओढल्या, कोणा मावशीने जन्मभर चुलीचा धूर खाल्ला. धाप लागते म्हणून ही माणसे हालत नाहीत. हालत नाहीत म्हणून पाय खचतात. पाय खचले की धाप आणखी लागते. हा चरक तोडायचा असतो. तज्ज्ञ त्यांना श्वास सोडायची रीत शिकवतो. नाकाने श्वास घ्यायचा. मग ओठांचा चंबू करून हळू सोडायचा. पुढे दिवा असला तर ज्योत हलावी, पण विझू नये, इतका हळू. मग तेवढ्या दमात थोडे थोडे चालणे.

गुडघे दुखणाऱ्या आजी म्हणतात, "मी बसूनच राहते." पण मांडीचे स्नायू बळकट केले तर गुडघ्याला आधार मिळतो आणि दुखणे कमी होते. कोणते व्यायाम, किती वेळा, ते जाणकार दाखवतो.

"आम्ही तर रोजच राबतो"

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही दिवसभर रानात असतो. आम्हाला कशाला आणखी व्यायाम?"

प्रश्न रास्त आहे. रानातले कष्ट हीही हालचालच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, धडधाकट माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे बेताची हालचाल करावी. खुरपणी करणारी बाई ती दोन दिवसांत करते. तिला मी आणखी चाला असे सांगणार नाही. तिला विसावा आणि पोटभर अन्न सांगेन.

पण बघा. आता नांगराला ट्रॅक्टर आहे. बांधावर जायला मोटारसायकल आहे. सुगी संपली की पुढचे महिने पारावर जातात. आणि आजारी माणसाला कामाचे माप ठेवता येत नाही. पात धरली की ती संपेपर्यंत थांबता येत नाही. शेजारीण पुढे जाते, मग आपणही ओढतो. काम आपल्या दमासाठी थांबत नाही. व्यायाम थांबतो. एवढाच फरक आहे, पण तो मोठा आहे.

आता धोक्याच्या खुणा. चालताना छातीत दाब किंवा कळ आली, ती हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, गार घाम सुटला, भोवळ आली, धाप आवरेना, तर तिथेच थांबा. बसा. आराम पडला नाही तर १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा. "होईल कमी" म्हणून वाट बघू नका.

शेवटचे पान

आबा पुढे नऊ वर्षे जगले. गोळ्या कधी सोडल्या नाहीत. व्यायाम होता म्हणून औषध बंद, असे त्यांनी केले नाही. तुम्हीही करू नका.

त्यांना एकच हौस राहिली होती. पायी वारी. सगळी वारी आता होणार नव्हती. ताईंनी आणि डॉक्टरांनी तपासून सांगितले, "शेवटचा टप्पा चाला. गर्दीत घाई करू नका. बसत बसत जा." मी त्यांना गाडीने वाखरीला नेले. तिथून पंढरपूरपर्यंत ते चालले. मी बरोबर होतो. वाटेत ते माझ्याशी बोलत होते. अभंग मात्र बाकीचे म्हणत होते.

ती वही माझ्याजवळ आहे. त्या दिवसाच्या ओळीवर तारीख आहे. पुढे श्रमाचा आकडा आहे, १३. आणि पहिल्यांदाच आबांनी आकड्यापुढे एक शब्द लिहिला आहे. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते. "पोचलो."

मंडळी, तुमच्या घरी कोणी बाजेवर पडून असेल, तर त्याला एकदम ओढून उठवू नका. आणि तसेच पडूही देऊ नका. डॉक्टरांना विचारा, "यांनी किती हालावं?" हा प्रश्न आम्ही दोन महिने विचारला नाही. तुम्ही उद्याच विचारा.

राम राम.

लक्षात ठेवा

१. आजारी माणसाला हालचाल हवी, पण मोजून.
२. सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.
३. चालताना बोलता यावे, अभंग म्हणता येऊ नये.
४. दम कोंडून ओझे उचलू नका.
५. रोजची मिनिटे स्वतःच्या हाताने वहीत लिहा.
६. चालणे सुरू केले म्हणून गोळ्या सोडू नका.